परसबागेतील लिंबूवर्गीय फळांची काढणी

घराच्या आवारातील लिंबू, संत्रे, मोसंबी, पपनस, ईडलिंबू इत्यादी झाडांवरची पक्व फळे उतरवण्याची पद्धत. आंबा, केळी किंवा चिकू ही फळे काढल्यानंतर अढीत पिकतात. लिंबूवर्गीय फळे मात्र काढल्यानंतर पिकत नाहीत. त्यांच्या गरात साखरेत रूपांतर होईल असा पिष्टाचा साठा नसतो. त्यामुळे आंबट संत्रे उतरवून कितीही दिवस ठेवले तरी गोड होत नाही. पक्वता झाडावरच पारखावी लागते.

हंगाम : महाराष्ट्रात या झाडांना जानेवारी-फेब्रुवारीत आंबे, जून-जुलैत मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त असे तीन बहार येतात. फुलल्यापासून कागदी लिंबू साधारण पाच-सहा महिन्यांत, तर संत्रे आठ-नऊ महिन्यांत तयार होते. विदर्भातील संत्र्याचा आंबे बहार ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, मृग बहार फेब्रुवारीनंतर काढणीस येतो. हस्त बहाराची लिंबे ऐन उन्हाळ्यात, सरबताच्या दिवसांत मिळतात.

पारख : रंगावर विसंबता येत नाही. सालीतील हरितद्रव्य थंड रात्रींमुळे ओसरते. म्हणून नागपूरकडे थंडीत संत्रे केशरी होते, तर कोकणाच्या उबदार हवेत पिकलेले मोसंबे हिरवेच राहू शकते. लिंबाची साल गुळगुळीत, पातळ व फिकट झाली, फळ दाबल्यास किंचित दबले की ते रसाला आले असे समजावे. संत्रे-मोसंबीचे एखादे फळ चाखून पाहणे हाच घरगुती बागेतील खात्रीचा उपाय.

पद्धत : फळ ओढून तोडल्यास देठाजवळची साल फाटते आणि तेथून बुरशी शिरते, सैल सालीच्या संत्र्यात हे विशेष घडते. कात्रीने आधी थोडा देठ ठेवून फळ कापावे, मग उरलेला देठ सालीलगत छाटावा. मात्र फळाच्या माथ्यावरची हिरवी चकती शाबूत ठेवावी. देठाचे टोक राहिल्यास टोपलीतील शेजारच्या फळांना टोचते. पाऊस किंवा दव असताना काढणी टाळावी. त्या वेळी साल पाण्याने तट्ट फुगलेली असते. जरा दाबताच तैलग्रंथी फुटतात आणि बाहेर आलेल्या तेलाने सालीवर तपकिरी डाग पडतात. लिंबाला काटे असल्याने हातमोजे घालावेत. उंच फांद्यांसाठी आंब्याचा झेला चालतो.

पक्वतेनंतर व काढणीनंतर : पक्व मोसंबी झाडावर काही आठवडे टिकते, संत्रे जास्त राहिल्यास साल पोकळ व गर कोरडा होतो. रसशोषक पतंगाने टोचलेली, गळालेली फळे वेचून पुरावीत. या पतंगाच्या अळ्या गुळवेल व वासनवेलीवर वाढत असल्याने कुंपणावरील वेलीही तपासाव्यात. लोणच्यासाठीची लिंबे धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करूनच चिरतात.