ऑनलाइन परीक्षा : प्रश्न संगणकाचा नाही, समान संधीचा आहे

साजगावात डॉक्टर व्हायची स्वप्ने पाहणाऱ्या पोरापोरींसोबत बसलो की ऑनलाइन परीक्षेचा विषय निघतोच. काहींना ती सोयीची वाटते, काहींना तिची धास्ती वाटते. शहरातले लोक या धास्तीला मागासलेपणा म्हणून हसतात. हसणाऱ्यांनी आधी इतिहास वाचावा.

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात शिष्यवृत्त्यांबद्दल एक मार्मिक मुद्दा आहे. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देणे दिसायला न्याय्य आहे, पण त्याने मागे राहिलेल्या जातींत शिक्षण पसरत नाही, असे त्यांनी सरकारला सांगितले. जो आधीच पुढे उभा आहे, तोच शर्यत जिंकणार!

परीक्षा कुठे होते यावरही ती कोण देणार हे ठरते. आयसीएसची परीक्षा लंडनलाच होत असे. ती भारतातही व्हावी म्हणून दादाभाई नौरोजींसारखे नेते कित्येक वर्षे भांडले. अखेर १९२२ पासून ती भारतातही होऊ लागली. म्हणजे परीक्षेचे ठिकाण हा अन्याय असू शकतो, हे तेव्हाच्या पुढाऱ्यांना पक्के कळत होते. मग तोच मुद्दा आमच्या वाडीवस्तीतल्या मुलांनी मांडला की ती 'सबब' कशी होते?

आता वैद्यकीय परीक्षांकडे येऊ. पदव्युत्तर प्रवेशाची पहिली नीट २०१२ च्या अखेरीस झाली, तीही संगणकावर. पदवीप्रवेशाची नीट मात्र २०१३ मध्ये कागदावर झाली. हा फरक छोटा नाही. कागदावरच्या नीटमध्ये प्रश्नपुस्तिका घरी नेता येते, उत्तरतालिका ताडून पाहता येते. संगणक बंद झाला की विद्यार्थ्याच्या हातात काय उरते? पुरावा हातात नसलेल्या माणसाला दाद मागणे किती जड जाते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

कोरोनाकाळात पारडे उलटे फिरले. इतर विद्यापीठांची अंतिम वर्षाची मुले २०२० मध्ये घरून ऑनलाइन परीक्षा देत होती, पण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने परीक्षा केंद्रावरच घेतली. जून २०२१ च्या परीक्षेआधी दुसऱ्या लाटेच्या भीतीने अनेक विद्यार्थ्यांनी ऑनलाइनची मागणी केली. ही मागणी आळसातून आली नव्हती. तरीही घरून परीक्षा म्हणजे घरात स्वतंत्र खोली, चालता फोन आणि न तुटणारे नेटवर्क. एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे हे कुठून आणायचे?

मग २०२४ आले. २३ जूनची नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली. मुले केंद्राच्या गावी पोहोचली होती, भाडे खर्च झाले होते. ज्याच्या आईबापाने उसने पैसे दिले, त्याचा हिशेब कोण देणार? ११ ऑगस्टला परीक्षा झाली ती दोन पाळ्यांत, दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांवर. गुण गणिती सूत्राने जुळवले गेले. विद्यार्थी कोर्टात गेले. ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन पाळ्यांची पद्धत मनमानी ठरवली. दोन प्रश्नपत्रिका सारख्या अवघड असूच शकत नाहीत, हे न्यायालयाने मान्य केले. ३ ऑगस्ट २०२५ ची परीक्षा एकाच पाळीत झाली.

हा विजय कोणी दान दिला नाही, विद्यार्थ्यांनी भांडून मिळवला. म्हणून आम्ही ऑनलाइनच्या विरोधात नाही आणि तिचे भाटही नाही. आमची मागणी साधी आहे : केंद्र जवळ द्या, सगळ्यांना एकच पाळी द्या, प्रश्न आणि उत्तरे उघड करा, आणि संगणकावरचा सराव खेड्यातल्या मुलांना मोफत मिळू द्या. हे सगळे नसताना गुणवत्तेच्या गप्पा मारणे म्हणजे फुल्यांनी १८८२ साली दाखवलेल्या दुखण्याकडे आजही पाठ फिरवणे होय.

साजगावच्या पोरांनो, घाबरलात तर लाजू नका. पण नुसते घाबरूनही बसू नका. शिका, संघटित व्हा आणि प्रश्न विचारा.

जय भीम!