समुद्रात उतरण्यापूर्वी : पाण्याचा अहवाल कसा वाचावा? पनवेल-रायगडकरांसाठी माहिती

ईद झाली किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की पनवेल, तळोजा, कळंबोलीहून गाड्या भरून आपली माणसं अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडला निघतात. डबा, चटई, मुलांचे जादा कपडे, सगळं आठवणीने घेतलं जातं. पण ज्या पाण्यात मुलं दोन-दोन तास खेळणार ते पाणी कसं आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. "एवढा मोठा समुद्र, त्यात काय होतंय?" असं म्हणून विषय संपतो. म्हणून ही माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत.

पनवेलचं पाणी जातं कुठे?

पनवेल शहराला चौपाटी नाही, खाडी आहे. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी आणि तळोजा औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी कासाडी, या दोन्ही नद्यांचं पाणी याच खाडीत येतं आणि पुढे मुंबई बंदराच्या समुद्राला मिळतं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातली भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रं जगभर गेली. एका कारखान्याचा रंग त्यांच्या अंगाला लागला होता आणि तो कारखाना बंद करावा लागला. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. कुत्र्यांचा रंग डोळ्यांना दिसला म्हणून बोभाटा झाला. पाण्यातले जंतू मात्र दिसत नाहीत. ते मोजावे लागतात.

तपासणी कोण करतं?

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार ही जबाबदारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे. राष्ट्रीय जल गुणवत्ता कार्यक्रमात मंडळ नद्या, खाड्या आणि समुद्राच्या ठरलेल्या ठिकाणांहून साधारण दरमहा नमुने घेतं. पनवेल खाडीचा नमुना कोपरा पुलाजवळ घेतला जातो. हे आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

कोणते आकडे पाहायचे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने समुद्र आणि खाडीच्या पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. अंघोळ, पोहणं आणि व्यावसायिक मासेमारीसाठी दुसरा वर्ग, म्हणजे 'एसडब्ल्यू-२', लागू होतो. त्यातले मुख्य आकडे असे :

• फीकल कोलिफॉर्म : १०० मिलिलिटरमध्ये १००. माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून येणारे हे जंतू आहेत. हा आकडा वाढला म्हणजे पाण्यात सांडपाणी मिसळतंय असं समजावं. जुलाब, त्वचेचे आणि कानाचे त्रास याच वाटेने येतात.
• बीओडी : लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, त्याचं हे माप आहे. कमी तेवढं चांगलं.
• विरघळलेला प्राणवायू : लिटरला किमान ४ मिलिग्रॅम. हा घटला की मासळी तडफडते.
• पीएच : ६.५ ते ८.५.

नदीच्या पाण्याचे निकष थोडे वेगळे आहेत. त्यामुळे गाढीचा आकडा समुद्राच्या निकषाला लावू नये.

अहवाल नेहमी मागचा असतो

बीओडीची चाचणीच तीन दिवस चालते, जंतूंच्या वाढीलाही वेळ लागतो. म्हणजे अहवाल हातात येतो तेव्हा ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. एका महिन्याचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. वर्षभराचे आकडे सलग पाहावेत, विशेषतः पावसाळ्याचे. युरोपात पोहण्याच्या किनाऱ्यावर पाण्याचा दर्जा फलकावर लावणं बंधनकारक आहे. आपल्याकडे भरती-ओहोटीचा इशारा लागतो, पाण्याचा आकडा क्वचितच. 'ब्लू फ्लॅग' या आंतरराष्ट्रीय मानांकनासाठी राज्यातले जे पाच किनारे निवडले गेले, त्यांत रायगडचे नागाव आणि श्रीवर्धन आहेत. या मानांकनात पाण्याची नियमित तपासणी आणि तिचे निकाल लोकांसमोर लावणं, या दोन्ही अटी असतात. म्हणून तिथे गेलात तर फलक जरूर शोधा.

पाक पाणी आणि सुरक्षित पाणी

नजासतीमुळे रंग, वास किंवा चव बदलली तर पाणी पाक राहत नाही, हे आपण लहानपणी मदरशात शिकलो. पण समुद्राचं पाणी वुजूला चालतं म्हणून ते मुलाच्या पोटात गेलेलंही चालतं, असं नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला उलेमांना विचारावा, दुसरा प्रयोगशाळेला. जीव जपणं हेही शरियतचंच उद्दिष्ट आहे.

आपण काय करावं?

१. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस समुद्रात किंवा नदीत उतरू नये.
२. नाला किंवा गटार जिथे समुद्राला मिळतं, तिथून दूर राहावं.
३. अंगावर उघडी जखम असेल तर पाणी टाळावं. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ करावी आणि खाण्याआधी हात धुवावेत.
४. पाण्यावर फेस, रंग किंवा मेलेली मासळी दिसली तर तारीख, वेळ, ठिकाण आणि भरती होती की ओहोटी, हे लिहून फोटोसह मंडळाकडे तक्रार करावी. तिची पोच जपून ठेवावी.
५. उत्तर मिळत नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अहवाल मागता येतो. ३० दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.

शेवटी आपल्या मोहल्ल्याबद्दल. कुर्बानीनंतरचा कचरा आणि रक्त नाल्यात गेलं तर तेही शेवटी खाडीतच पोचतं. साचलेल्या पाण्यात लघवी करायलाही नबी (स.) यांनी मनाई केली आहे. महापालिकेने ठरवून दिलेल्या जागीच हा कचरा द्यावा. कारखान्याकडे बोट दाखवताना आपला नाला आधी साफ असला, तर आपल्या तक्रारीला वजन येतं.