निवण्याचा इतिहास : सिमेंटच्या क्लिंकरची गोष्ट

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज सिमेंटवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला हसू आलं असेल. पण प्रश्न आपला जुनाच आहे. वस्तू कशाची बनली आहे हे सांगितलं, म्हणजे ती कळली का?

१८२४ साली लीड्सच्या जोसेफ अस्पडिन या गवंड्याने ‘पोर्टलंड सिमेंट’चं पेटंट घेतलं. पुढे १८४०च्या दशकात इंग्लंडमध्ये लक्षात आलं, की जास्त भाजून दगडासारखे झालेले जे गोळे वाया गेले म्हणून टाकून देत, तेच दळले तर उत्तम सिमेंट मिळतं. हेच क्लिंकर. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष आगीवर. भट्टी किती तापवायची, किती वेळ ठेवायची! निवणं म्हणजे नुसती वाट पाहणं. भट्टी विझू द्यायची आणि गार झाली की माल उपसायचा.

पण कधी कधी ढेकळांऐवजी भुकटीच हाती यायची. दळणाचा खर्च वाचला असं वाटेल, पण ती भुकटी पाण्यात कालवली तरी घट्ट होत नसे. असं का व्हावं?

याचं उत्तर मिळायला बराच काळ गेला. १८८७ साली फ्रान्समध्ये ल शातेलिए यांनी आपल्या प्रबंधात, क्लिंकरमधलं मुख्य संयुग ट्रायकॅल्शियम सिलिकेट आहे असं मांडलं. १८९७ साली स्वीडनच्या टोर्नेबोम यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या घटकांना ॲलाइट, बेलाइट अशी नावं दिली. नुसती ए, बी या अक्षरांवरून! तरी वाद मिटला नाही. १९१५ साली वॉशिंग्टनच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतल्या रँकिन आणि राइट यांनी चुना, ॲल्युमिना आणि सिलिका यांचा सविस्तर नकाशाच काढला. त्यांची युक्ती बघा. नमुना हव्या त्या तापमानाला ठेवायचा आणि झटकन गार करायचा, म्हणजे तिथली अवस्था जशीच्या तशी गोठते. सावकाश निवू दिला तर तो वाटेत बदलतो.

भट्टीतही नेमकं हेच घडतं. क्लिंकर साधारण १४५० अंशांना तयार होतं. सुरुवातीची ताकद देणारा ॲलाइट सुमारे १२५० अंशांच्या खाली स्थिर नसतो. तिथे रेंगाळला, तर त्याचा काही भाग बेलाइट आणि मोकळा चुना यांत फुटतो. बेलाइट आणखी निवताना, सुमारे ५०० अंशांच्या खाली, ‘गॅमा’ रूपात जाऊ शकतो. तेव्हा त्याचं आकारमान दहा टक्क्यांहून जास्त वाढतं आणि ढेकूळ आतून फुटतं. हीच ती भुकटी.

आता घरातलं उदाहरण घ्या. साखरेचं द्रावण सावकाश सोडलं तर खडीसाखरेचे मोठे स्फटिक मिळतात. पाक झटकन गार केला तर काचेसारखी गोळी होते. क्लिंकरमधल्या वितळलेल्या भागाचंही तसंच. हळू निवलं तर मॅग्नेशियाचे मोठे स्फटिक होतात, ते काही वर्षांनी पाणी घेऊन फुगतात आणि बांधकामाला तडे जातात. लवकर निवलं, तर बराच मॅग्नेशिया काचेत किंवा बारीक कणांत अडकून राहतो. म्हणून आज फिरत्या भट्टीतून बाहेर पडणाऱ्या क्लिंकरवर लगेच थंड हवा सोडतात. तापलेली ती हवा परत भट्टीत जाते, इंधनही वाचतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९२९ साली बोग यांनी रासायनिक विश्लेषणावरून या संयुगांचं प्रमाण काढायची सूत्रं दिली. ती आजही वापरतात. पण त्यात गृहीत असं, की सगळं समतोल राखून स्फटिक झालं. त्यामुळे झटकन निववलेलं आणि रेंगाळत निवलेलं क्लिंकर, दोघांचं उत्तर एकच येतं! कागदावर जुळे भाऊ. प्रत्यक्षात एक भिंत धरणारा, दुसरा कदाचित भुकटी होणारा.

म्हणजे घटकांची यादी खोटी नाही, अपुरी आहे. वस्तू कशाची आहे याबरोबरच ती कुठल्या वाटेने आणि किती वेगाने इथवर आली, हेही विचारावं लागतं. आगीची वाहवा आपण शंभर वर्षं केली. निवण्याकडे लक्ष द्यायला मात्र उशीर झाला.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.