ब्रेल पहिलीपासूनच

अंध मुलाला सर्वसाधारण शाळेत घातले, धडे मोबाइलवर ऐकवले की झाले. ब्रेलचा खटाटोप आता कशाला, हे मत पालकांत आणि शिक्षकांतही चांगलेच रुजले आहे. ते अगदीच निराधार नाही. ब्रेलची पुस्तके जाडजूड असतात, वेळेवर हाती पडत नाहीत. विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरत असतो. पण या अडचणी व्यवस्थेच्या आहेत. त्यांच्यापायी सहा वर्षांच्या मुलाने निरक्षर का राहावे?

निरक्षर हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. डोळस मुलांना नुसते धडे ऐकवून आपण दुसरीत ढकलत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये मात्र ऱ्हस्व इ दुसऱ्या-चौथ्या टिंबांची, दीर्घ ई तिसऱ्या-पाचव्या टिंबांची. फरक थेट बोटाला लागतो. छापील अक्षरात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतात, ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने नंतर येते. जोडाक्षराआधी चौथे टिंब. शब्द कसा घडला आहे, हे मुलाला असे चाचपून कळते. ऐकून ते कळत नाही. हातच्याची बेरीजही नुसती ऐकून जमत नाही, ती मांडायला टेलर फ्रेम (बोटांनी अंक मांडायची चौकट) किंवा अबॅकस लागतो.

दुसरा आक्षेप असा, की ब्रेलमुळे मूल वर्गात वेगळे पडते. माझ्या मते ते वेगळे पडते शिक्षक फळ्याकडे बोट दाखवून ‘हे इथून तिकडे न्या’ म्हणतात तेव्हा, आणि शेजारचा मित्र त्याची वही लिहून देतो तेव्हा. फळ्यावरचे मोठ्याने म्हणत लिहिणे, आकृतीच्या रेषांवर दोरा चिकटवून देणे कोणत्याही शिक्षकाला जमेल.

ब्रेल पाटीवर स्टायलसने उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे, ही सवय उशिरा जड जाते. म्हणून बालवाडीतच मणी ओवणे, धान्य निवडणे यांनी बोटे तयार करावीत. मोबाइलशी ब्रेलचे वैर नाही. ब्रेल डिस्प्ले जोडला की पडद्यावरचा मजकूर टिंबांत उमटतो, पण तो वाचायला आधी ब्रेल यावे लागते.

ब्रेल जाणणारे शिक्षक प्रशिक्षित करून नेमण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ ने शासनावर टाकली आहे. शाळेत ब्रेल कोण शिकवणार, आठवड्यातून किती तास, हे पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच मुख्याध्यापकांना विचारावे.