साखर काल ११८, आज १०६ : खरी कुठली? दोन व्याख्यानांची गोष्ट

"डॉक्टर, मागच्या आठवड्यात उपाशीपोटी साखर ११८ होती, आज १०६ आली. खरी कुठली?"

सुप्यातल्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: दोन्ही खऱ्या. ते ऐकून बरेच जण लॅबवर, नाहीतर माझ्यावर संशय घेतात! पण या उत्तरामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. आज तीच गोष्ट सांगतो.

कलकत्ता, १९३८

जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यात पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली. अध्यक्ष होते इंग्लंडचे रोनाल्ड फिशर. भाषणात त्यांनी आम्हा डॉक्टरांना चटकन समजेल असा दाखला दिला. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशाने मेला एवढंच तो फार तर सांगू शकेल.

थोडक्यात, मोजायचं कसं हे आधी ठरवा. फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत चिठ्ठी टाकून वाफे निवडायची रीत बसवली होती. औषधांच्या चाचण्यांनी पुढे तीच उचलली. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली चाचणी याचं गाजलेलं उदाहरण. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठीवर सोडलं होतं. तुम्ही आज घेता त्या बहुतेक नव्या गोळ्या अशाच चाचणीतून पार पडलेल्या असतात.

बुधचे सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, खटाव तालुक्यातल्या बुध गावचा. खटाव म्हणजे आपल्या पारनेरसारखाच पर्जन्यछायेचा, दुष्काळाशी जुनी ओळख असलेला मुलूख. फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले आणि संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतले. १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी काम केलं.

तुमच्यापैकी अनेकांच्या शेतात पीक कापणी प्रयोग झाला असेल. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने, आणेवारीने बांधला जाई. सुखात्मे यांनी चिठ्ठी पद्धतीने शेत निवडायचं, त्यातला ठरावीक मापाचा चौकोन कापायचा आणि धान्य वजन करायचं, ही पद्धत देशभर रुजवली. चौकोन फार लहान घेतला तर कडेची ताटं आत मोजली जातात आणि उत्पन्न फुगलेलं दिसतं, हेही त्यांनी दाखवून दिलं.

लंडन, १९६१

१९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले. १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी जगाच्या भुकेवर निबंध वाचला. त्याआधी जगातले दोनतृतीयांश लोक भुकेले आहेत, असं बोललं जात होतं. सुखात्मे यांचा अंदाज वेगळा होता: पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के, पण भूक किंवा सकस आहाराचा अभाव यांपैकी काही ना काही सोसणारे मात्र जवळजवळ निम्मे. १९६३ मध्ये याच सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिलं.

त्यांचा मुद्दा घरातल्या ताटांवरून समजून घ्या. चौघांसाठी बारा भाकरी केल्या. सरासरी तीन, म्हणजे सगळं ठीक? आजीला दीड पुरते, शेतात राबणाऱ्या मुलाला पाच लागतात. प्रत्येकाला तीन वाढल्या तर आजीच्या ताटात उरेल आणि मुलगा अर्धपोटी उठेल. सरासरीला हे दिसत नाही. म्हणून कोण किती खातो आणि कोणाला किती लागतं, हे दोन्ही पाहावं लागतं.

पुण्यातला वाद

निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले. १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ यांनी दिवसाला २२५० कॅलरी या मापावर दारिद्र्याची रेषा मांडली होती. सुखात्मे यांचं म्हणणं, एकाच निरोगी माणसाची गरजही रोज बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं; तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी नसतो. यावर मोठा वाद झाला. अशाने भूक कमी दाखवली जाईल आणि खुरटलेल्या मुलांना निरोगी ठरवलं जाईल, अशी टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते: रेषा थोडी खाली ओढली की कागदावरची लाखो माणसं एका रात्रीत पोटभर जेवलेली ठरतात. मात्र स्वच्छ पाणी आणि स्वच्छतेशिवाय नुसतं अन्न अंगी लागत नाही, हा सुखात्मे यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे.

आता तुमच्या साखरेकडे

११८ आणि १०६ हा तुमच्या शरीराचा रोजचा चढउतार आहे. मात्र दोन्ही आकडे शंभराच्या वर आहेत, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तेव्हा आहार, चालणं आणि पुढची तपासणी चुकवू नका. साखर १२६ किंवा जास्त आली आणि लक्षणं नसतील, तर पुन्हा तपासल्याशिवाय आम्ही मधुमेह म्हणत नाही. रक्तदाबही वेगवेगळ्या दिवशी मोजतो. बाळाचं एकदाच केलेलं वजन बघून घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका; अंगणवाडीच्या तक्त्यावर महिन्यामागून महिना रेघ वर चढते आहे ना, ते बघा. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर लगेच दाखवा.

आणि पुढच्या वेळी येताना जुने रिपोर्ट घरी ठेवून येऊ नका. एका रिपोर्टवरून मला फक्त एक दिवस कळतो. पाच समोर असले की तुम्ही कळता.