कादंब (रानहंस) : पीकनुकसान आणि संरक्षण कायदे

कादंब : बदककुलातील (ॲनॅटिडी) अन्सर व ब्रँटा या प्रजातींचे मोठे, मुख्यतः गवत व कोवळे कोंब खाणारे पाणपक्षी. बोलीत यांना सरसकट ‘हंस’ म्हणतात. पक्षिशास्त्रीय मराठीत मात्र कादंब, कलहंस, पट्टकादंब ही नावे रुळलेली आहेत. बहुतेक जाती उत्तरेकडील थंड प्रदेशात वीण करतात आणि हिवाळ्यात हजारोंच्या थव्यांनी दक्षिणेकडे उतरतात. थवे नेमके रब्बीच्या किंवा वसंतातील चाऱ्याच्या हंगामात शेतात येत असल्याने शेतकरी आणि संरक्षण कायदे यांच्यातील वाद अनेक देशांत उभा राहिला. प्रस्तुत नोंदीत त्या वादाचा आढावा घेतला आहे.

चरण्याची रीत : कादंबाला गाईगुरांसारखे रवंथ करता येत नाही आणि गवतातील तंतू त्याला फारसे पचत नाहीत. त्यामुळे तो दिवसाचा बहुतेक वेळ चरतो आणि खाल्लेले दोन-एक तासांत बाहेर टाकतो. बार्नकल कादंब या जातीच्या चरणाऱ्या पक्ष्याची विष्ठा साधारण दर चार मिनिटांनी पडते. अभ्यासकांनी याचाच उपयोग करून घेतला. शेतात ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीभोवतीच्या वर्तुळातील विष्ठा मोजून ती साफ करायची आणि काही दिवसांनी पुन्हा मोजायची. अशा मोजणीवरून पक्षी समोर नसतानाही कोणत्या शेतावर किती चराई झाली, ते कळते. नुकसान किती झाले हे पाहण्यासाठी शेतात जाळीचे छोटे पिंजरे उपडे घालतात. एप्रिलअखेर पिंजऱ्याच्या आतले गवत घोट्याच्या वर येते, बाहेरचे मात्र कातरल्यासारखे जमिनीलगत असते. आतील व बाहेरील गवत कापून, वाळवून वजन केले की फरक हाती येतो. मात्र कमी झालेल्या गवतामुळे मेंढीचे दूध किती आटले किंवा चारा किती विकत घ्यावा लागला, हे या वजनावरून कळत नाही. भरपाईचे बहुतेक तंटे इथेच अडतात.

खतावर पोसलेले राय गवत हे खाऱ्या दलदलीतील गवतापेक्षा प्रथिनांनी समृद्ध आणि पचायला हलके असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुरणे सुधारली तसे थवे किनाऱ्यावरून शेतांकडे वळले. याच काळात पक्ष्यांची संख्याही वाढली; त्या वाढीतील वाटा शिकारबंदीचा किती आणि या सुधारित चाऱ्याचा किती, याबाबत मतभेद आहेत.

कायद्याची चौकट : युरोपीय समुदायाच्या १९७९ च्या पक्षी निर्देशाने (२००९ मध्ये संहितीकरण) सर्व रानपक्ष्यांना संरक्षण दिले आणि पहिल्या परिशिष्टातील जातींसाठी विशेष संरक्षित क्षेत्रे राखणे बंधनकारक केले. बार्नकल कादंब आणि ग्रीनलंडचा पांढऱ्या कपाळाचा कादंब या परिशिष्टात आहेत. नवव्या कलमात सवलत ठेवली आहे : पिकांचे ‘गंभीर नुकसान’ टाळण्यासाठी, आणि दुसरा समाधानकारक उपाय नसेल तरच, पक्षी मारण्यास परवानगी देता येते. ‘गंभीर’ म्हणजे किती, हे निर्देशात सांगितलेले नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने हीच चौकट देशी कायद्यात आणली, त्यातील सोळाव्या कलमान्वये परवाने दिले जातात. या कायद्यात कलहंसासाठी शिकारीचा हंगाम आहे, बार्नकल कादंबासाठी नाही. एकाच शेतात दोन्ही पक्षी चरत असतील तर शेतकऱ्याला एकावर बंदूक रोखता येते, दुसऱ्यावर परवान्याशिवाय नाही.

इस्ले : या वादाची सर्वाधिक कागदपत्रे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या इस्ले बेटाविषयी उपलब्ध आहेत. बेट सुमारे ६२० चौ. किमी., वस्ती तीन हजारांच्या आसपास. मेंढ्या, मांसासाठीची गुरे आणि व्हिस्की यांवर ते चालते. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर वीण करणारे बार्नकल कादंब आइसलँडमार्गे ऑक्टोबरात येथे येतात आणि एप्रिलच्या उत्तरार्धात परततात. या समूहाची एकूण संख्या १९५९ मध्ये ८,३०० च्या घरात होती, ती २०१३ मध्ये ८०,००० वर गेली. त्यांतील निम्म्याच्या आसपास पक्षी हिवाळ्याच्या भरात एकट्या इस्लेवर असत. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात आणि त्यांना कोवळ्या गवताची गरज असते. परतीच्या उड्डाणासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांनाही त्याच सुमारास तेच गवत हवे असते. ओल्या जमिनीत हजारो पायांनी होणारा चिखल आणि नव्याने पेरलेले कुरण मुदतीआधी मोडावे लागणे, या शेतकऱ्यांच्या आणखी दोन तक्रारी.

१९८५ मधील ड्युइच मॉसचे प्रकरण शेतीचे नव्हे, पण बेटावरील अविश्वास त्याने पक्का केला. व्हिस्कीच्या माल्टसाठी या दलदलीतून पीट काढण्याचा बेत होता. पांढऱ्या कपाळाचे कादंब येथे रात्री उतरत, म्हणून निसर्गसंरक्षकांनी विरोध केला. त्या ऑगस्टमध्ये बोमोर गावातील सभेत दूरचित्रवाणीमुळे घरोघरी माहीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलमी यांना संतप्त रहिवाशांनी बोलू दिले नाही. पुढे पीटसाठी दुसरी जागा मिळाली आणि ड्युइच मॉस राखीव झाले. याच सुमारास पक्षिसंरक्षण करणाऱ्या रॉयल सोसायटीने (आरएसपीबी) लॉक ग्रुइनार्ट येथील शेतजमीन विकत घेतली. तेथे ती संस्था स्वतः गुरे पाळून कादंबांसाठी कुरण राखते.

१९९० च्या दशकापासून सरकारी निसर्गसंस्थेने शेतकऱ्यांशी करार केले : ठरलेल्या शेतांत पक्ष्यांना निवांत चरू द्यायचे आणि त्याबद्दल मोबदला घ्यायचा. पक्षी वाढत गेले, निधी त्या प्रमाणात वाढला नाही. २०१४ मध्ये दहा वर्षांचे धोरण आले. त्यात परवान्याने गोळी घालून बार्नकलांची संख्या २८,००० ते ३१,००० पर्यंत आणण्याचे आणि नुकसान २५ ते ३५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट होते. निसर्गसंरक्षण संस्थांनी या धोरणाला हरकत घेतली. मोबदला पिकाच्या तोट्याचा की पक्षी सांभाळल्याच्या कामाचा, हा प्रश्न प्रत्येक नव्या योजनेत पुन्हा निघतो.

पांढऱ्या कपाळाचा कादंब : तोही इस्लेवर त्याच शेतांत उतरतो. हिवाळी मुक्कामी त्याची शिकार १९८२ पासून बंद झाली आणि संख्या १९९९ मध्ये ३५,००० च्या वर गेली. नंतर ती घसरत २०,००० च्या आसपास आली. पिलांची पैदास कमी होणे हे प्रमुख कारण मानले जाते. बार्नकलांना हुसकावताना किंवा मारताना हा दुर्मीळ पक्षी विनाकारण बिथरतो, हा संरक्षकांचा मुख्य आक्षेप आहे.

उपाय : बुजगावणी, गॅसवर चालणाऱ्या तोफा, झेंड्या, पतंग, लेझर, माणसाची राखण. पक्षी काही दिवसांत सरावतात, शिवाय एका शेतातून उठलेला थवा शेजारच्या शेतात बसतो. उडालेल्या पक्ष्याला खर्ची पडलेली ऊर्जा भरून काढण्यासाठी जास्त खावे लागते. म्हणून ‘येथे हुसका, तेथे चरू द्या’ अशी जोडव्यवस्था बहुतेक ठिकाणी स्वीकारली गेली.

उत्तर अमेरिका : १९१६ चा स्थलांतरित पक्षी करार व त्यावर आधारलेला अमेरिकेचा १९१८ चा कायदा हा पाया. ॲल्युशन कादंब कोल्ह्यांमुळे नामशेष होण्याच्या बेतात होता, १९७५ मध्ये आठशेच्या आसपास पक्षी मोजले गेले. त्याच्या विणीच्या ॲल्युशन बेटांवरील कोल्हे हटवल्यावर संख्या सावरली आणि २००१ मध्ये त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळण्यात आले. त्यानंतर उत्तर कॅलिफोर्नियातील गोपालकांच्या कुरणांतून त्याच्याविरुद्ध तक्रारी येऊ लागल्या. हिमकादंबांबाबत १९९९ पासून वसंतातही शिकारीस मुभा दिली गेली. त्यांच्या बाबतीत मुख्य चिंता पिकांची नव्हे, तर त्यांच्या चराईने होणाऱ्या आर्क्टिकमधील वनस्पतींच्या नाशाची होती.

नेदरलँड्स : भरपाई व राखीव चराईक्षेत्रे यांची मिश्र पद्धत.

भारत : पट्टकादंब तिबेट, मंगोलिया व लडाखमध्ये वीण करून हिमालय ओलांडतो. दिवसा जलाशयात विसावून रात्री गहू-हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात चरण्याची त्याची सवय पक्षितज्ज्ञांनी नोंदवली आहे. हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशय व कर्नाटकातील मागडी तलाव ही त्याची ठळक ठिकाणे.  वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याची शिकार गुन्हा आहे. अकराव्या कलमात, पहिल्या अनुसूचीबाहेरचा प्राणी उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षकाला कारणे नमूद करून लेखी परवानगी देता येते. बासष्टाव्या कलमाखालील ‘उपद्रवी प्राणी’ घोषणेचा वापर रानडुक्कर, नीलगाय व माकडांसाठी झाला आहे.

महाराष्ट्र : जायकवाडी व उजनी जलाशयांवर पट्टकादंब हिवाळी पाहुणे आहेत. जलाशयाचे पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत हरभरा, गहू पेरतात. पाण्याला लागून असलेले हे पीक पक्ष्यांना सर्वांत जवळचे असते. राज्यातील पीकनुकसान भरपाईचा भर रानडुक्कर, हरिण, नीलगाय, गवा यांसारख्या सस्तन प्राण्यांवर आहे. गाळपेर एका हंगामापुरती भाड्याने मिळते, काही ठिकाणी ती अतिक्रमणानेही कसली जाते. त्यामुळे ते पीक कसणाऱ्याच्या सात-बाऱ्यावर नसते आणि भरपाई मागणे अवघड होते.