भाकरीसोबत काय?

'जसे अन्न तसे मन' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ आपण बहुधा सात्त्विक-तामसापुरताच घेतो. पण या म्हणीचा एक ढळढळीत पुरावा आपल्या दख्खनच्या इतिहासात आहे, आणि त्याचा संबंध ज्वारीच्या भाकरीशी आहे.

पेलाग्रा नावाचा एक आजार आहे. उन्हात उघडे राहणारे हात, पाय आणि मान यांवर काळपट, खरखरीत चट्टे उठतात, हगवण लागते. माणूस चिडचिडा आणि उदास होतो, झोप उडते. आजार बळावला तर भ्रमही होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तो फार होता. मनोरुग्णालयांत असे कितीतरी रोगी असत. हा संसर्ग आहे असे बऱ्याच डॉक्टरांना वाटे. १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी एक साधी गोष्ट हेरली. आजार रोग्यांना होतो, त्यांची सेवा करणाऱ्यांना होत नाही. मग फरक कशात? ताटात! दूध, मांस, कडधान्ये वाढवली आणि आजार हटला. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांतून कमतरता नायसिन या जीवनसत्त्वाची असल्याचे कळले.

आपल्याकडे मक्याच्या जागी ज्वारी होती. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतील पेलाग्रावर लिहिले. मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होता, तेव्हा ही परमुलखातली गोष्ट नव्हे. ज्वारीतील ल्युसिन हे कारण त्यांनी सुचवले, त्यावर पुढे मतभेद झाले. पण ज्वारीला दोष देऊ नये. ताटात भाकरीशिवाय फारसे काही नसते, त्यालाच हा आजार गाठतो. डाळी-दुधातल्या प्रथिनांपासून शरीर स्वतःच थोडे नायसिन बनवते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत तर ते सुमारे १२ मिलिग्रॅम असते, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा बराचसा भाग.

आता विचार करा, अशा उदास, भ्रमिष्ट माणसाला गावात काय म्हणत असतील? आळशी, वेडा, बाहेरचे झालेला! त्याचे ताट किती जणांनी पाहिले असेल?

आमच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला. सिन्नर-येवल्याकडच्या माणसांनी लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. पोट भरणे वेगळे आणि शरीर पोसले जाणे वेगळे, हे तेव्हा पुरते उमगले नव्हते.

प्रत्येक दुःखाचे मूळ जेवणात असते असे मी म्हणत नाही. मनाच्या आजाराला डॉक्टरच हवा, औषधही हवे. पण घरातले कोणी, विशेषतः एकटे राहणारे म्हातारे माणूस, कोमेजलेले दिसले तर उपदेश करण्याआधी एवढे तरी विचारावे: जेवलात का, आणि भाकरीसोबत काय होते?